व्हर्जिनियातल्या शेतजमिनीत दडलेली जुन्या पुढाऱ्यांची थडगी : शोधायची कशी, पडताळायची कशी

अमेरिकेच्या स्वातंत्र्यकाळातले व्हर्जिनियाचे पुढारी गावच्या सार्वजनिक दफनभूमीत शोधायला गेलात तर बहुतेक वेळा हात हलवत परत याल. ही माणसं आपापल्या मळ्यावर, घरापासून हाकेच्या अंतरावर पुरलेली असतात. कारण सोपं आहे. एकेका चर्चचा परगणा मैलोन्‌मैल पसरलेला, रस्ते चिखलाचे आणि उन्हाळ्यात प्रेत दोन दिवसही ठेवण्याची सोय नाही. त्यामुळे बागेच्या किंवा फळबागेच्या कडेला जागा राखायची, भोवती कुंपण घालायचं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच पुरायचं, अशी रीत पडली. 1724 मध्ये छापलेल्या वर्णनातही ती आढळते. पुढे मळे विकले गेले, घरं जळाली, वाटण्या झाल्या आणि दफनभूमी परक्याच्या कुरणात किंवा पाइनच्या लागवडीत जाऊन बसली.

इथे उदाहरणाला शार्लट काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) घेतली आहे. रिचमंडपासून नैऋत्येला गाडीने दोनेक तास, तंबाखू आणि लाकडाचा मुलूख. एकाच काउंटीत तीन तऱ्हा बघायला मिळतात. स्वातंत्र्यलढ्यातला गाजलेला वक्ता पॅट्रिक हेन्री रेड हिल या आपल्या मळ्यावर पुरलेला आहे आणि ती जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे. न्यायाधीश पॉल कॅरिंग्टन मलबेरी हिल या मळ्यावर आहेत आणि ती जागा आता राज्य उद्यानात मोडते. काँग्रेसवर गेलेले रोअनोकचे जॉन रँडॉल्फ मात्र जिथे पुरले होते तिथे आता नाहीतच. आसपासच्या इतर काउंट्यांतही पद्धत हीच चालते.

आधी माणूस पक्का करा, मग जागा

सुरुवात जंगलात नाही, यादीत होते. काँटिनेंटल काँग्रेसपासून (वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा), म्हणजे 1774 पासून, काँग्रेसवर बसलेल्या प्रत्येकाची छोटी नोंद अमेरिकन काँग्रेसच्या चरित्रकोशात आहे आणि ती बहुधा दफनाच्या जागेवर संपते. विधानसभेपुरत्या राहिलेल्या माणसांसाठी व्हर्जिनिया हाउस ऑफ डेलिगेट्सच्या क्लार्क कार्यालयाची सदस्यसूची बघा. काउंटी आणि सत्र टाकलं की नावं येतात. फाइंड अ ग्रेव्ह आणि पोलिटिकल ग्रेव्हयार्ड ही संकेतस्थळंही उघडा, पण त्यांना पुरावा समजू नका. फाइंड अ ग्रेव्हवरच्या नोंदी कुणीही घालू शकतो आणि 'मळ्यावर राहत होता, म्हणजे मळ्यावरच पुरला असणार' एवढ्या अंदाजावर घातलेल्या नोंदी भरपूर आहेत. थडग्याचा फोटो नसलेली नोंद ही ऐकीव गोष्ट धरूनच चाला.

इथे चार खड्डे ठरलेले आहेत.

पहिला, नावसाम्य. या घराण्यांत बाप, मुलगा, पुतण्या सगळे एकाच नावाचे. पॉल कॅरिंग्टन (1733–1818) न्यायाधीश होते आणि त्याच नावाचा त्यांचा मुलगाही न्यायाधीश झाला. जॉन रँडॉल्फनी तर नामसाधर्म्याला कंटाळून नावापुढे 'रोअनोकचे' असं जोडलं. म्हणून नाव एकटं कधी लिहू नका. जन्म-मृत्यूची वर्षं आणि पत्नीचं नाव सोबत ठेवा.

दुसरा, गावांची नावं. रँडॉल्फचं रोअनोक म्हणजे आजचं रोअनोक शहर नव्हे. ते शहर बरंच पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. मळ्याचं नाव नदीवरून आलं आणि त्या पट्ट्यात त्याच रोअनोक नदीला लोक स्टॉन्टन म्हणतात. हेन्रीच्या नावाने पॅट्रिक आणि हेन्री अशा दोन काउंट्या आहेत. हेन्री काउंटीत तो काही वर्षं राहिलाही, पण पुरला दोन्हीकडे नाही. रेड हिलचा टपाली पत्ता ब्रुकनील आहे आणि ब्रुकनील पडतं शेजारच्या कॅम्पबेल काउंटीत. टपाली पत्त्यावरून काउंटी ठरवणाऱ्याचा कागद शोधताना अख्खा दिवस वाया जातो. काउंटीचं ठाणं शार्लट कोर्ट हाउस नावाचं गाव. इंटरनेटवर शोधताना ते शार्लट्सव्हिल किंवा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटशी मिसळतं, म्हणून 'कोर्ट हाउस' हे शब्द गाळू नका.

तिसरा, हलवलेले अवशेष. रँडॉल्फ 1833 मध्ये फिलाडेल्फियात वारले, त्यांना रोअनोकला आणून पुरलं आणि 1879 मध्ये रिचमंडच्या हॉलिवूड दफनभूमीत हलवलं. राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनाही 1858 मध्ये न्यूयॉर्कहून तिथेच आणलं. जुन्या चरित्रांत पहिली जागा आणि नव्या याद्यांत दुसरी, असं दिसलं की दोन्ही खऱ्या असू शकतात. तारखा लावून बघा.

चौथा, रिकामी स्मारकं. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल सिमेटरीत पदावर असताना वारलेल्या खासदारांसाठी अक्विया वालुकाश्माचे एकाच साच्यातले चौकोनी ठोकळे रांगेने उभे आहेत. त्यातल्या बहुतेकांखाली कुणीही नाही, माणूस घरच्या मळ्यावर पुरलेला. ठोकळे दिसायलाही असे बोजड, की 1870 च्या दशकात खासदार हॉर यांनी त्यांची जाहीर टर उडवली आणि ती प्रथा थांबली. तिथला फोटो बघून 'सापडलं' म्हणू नका.

कोर्टाचे कागद

काउंटीचे मृत्युपत्रांचे आणि खरेदीखतांचे ग्रंथ सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे असतात. शार्लटमध्ये जाणार असाल तर जुनं कोर्टहाउसही बघून घ्या. 1820 च्या दशकाच्या सुरुवातीची ती इमारत जेफरसनच्या आराखड्यावर बांधली आहे. मार्च 1799 मध्ये, ही इमारत उभी राहण्याआधी, याच गावात हेन्रीचं शेवटचं आणि रँडॉल्फचं पहिलं जाहीर भाषण एका दिवशी झालं. तीनच महिन्यांनी हेन्री गेला.

काम उलट्या दिशेने करायचं. आधी मृत्युपत्र : मळा कुणाला गेला आणि 'माझ्या वडिलांशेजारी पुरा' असं काही लिहिलं आहे का. मग त्या वारसापासून आजच्या मालकापर्यंत खरेदीखतांची साखळी जोडायची. प्रत्येक खतात दफनभूमी राखून ठेवल्याचं कलम शोधा. ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात, सीमावर्णन संपल्यावर येतं. 'पाव एकर दफनभूमी आणि तिथे जाण्या-येण्याचा हक्क राखून' अशा धर्तीचं ते वाक्य असतं. साखळीत ते कुठल्या साली पहिल्यांदा येतं आणि कुठल्या खतातून गळतं, दोन्ही टिपून ठेवा. गळलं म्हणून दफनभूमी नाहीशी होत नाही, पण आजच्या मालकाला तिची कल्पना नसण्याची शक्यता तिथूनच सुरू होते.

मोजमाप जुन्या मापात असतं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोलांची एक साखळी म्हणजे 66 फूट, आणि 160 चौरस पोलांचा एक एकर. 'दोन पोल चौरस' म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. पाव एकर म्हणजे 40 चौरस पोल, साधारण 104 फूट बाजूचा चौकोन. दिशा होकायंत्रावरच्या असतात आणि चुंबकीय उत्तर दोनशे वर्षांत सरकलेलं असतं. त्यामुळे जुना कोन आजच्या नकाशावर जसाच्या तसा ओढू नका, आधी त्या वर्षाचा चुंबकीय फरक काढा. लांब सीमेवर दोन-तीन अंशांची चूकही तुम्हाला शेजाऱ्याच्या रानात नेऊन सोडते.

काउंटी कधी कुणातून फुटली हेही पाहावं लागतं. शार्लट 1764 च्या कायद्याने लुनेनबर्गमधून वेगळी झाली, त्याआधीचे कागद लुनेनबर्गमध्ये. काही काउंट्यांत कोर्टच जळालं, बकिंगहॅमचं 1869 मध्ये. तिथे खतांची साखळी तुटते आणि घराण्याचे खासगी कागद, करयाद्या आणि वरच्या कोर्टातले दावे एवढाच आधार राहतो. दावे कंटाळवाणे वाटले तरी सोडू नका. रँडॉल्फच्या मृत्युपत्रांवरून वर्षानुवर्षं खटला चालला आणि त्यातून मळ्याची बारीकसारीक माहिती कागदावर आली.

जाताजाता 1930 च्या दशकातली व्हर्जिनिया हिस्टॉरिकल इन्व्हेंटरी बघायला विसरू नका. मंदीच्या काळात सरकारी पगारावर माणसं काउंटी-काउंटीतून फिरली आणि जुनी घरं, थडगी, त्यांवरचे लेख टिपून आली. ही टिपणं लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात 'फाट्यापासून दोन मैल, मग डावीकडे' असा रस्ता दिलेला असतो. अंतर मोटारीच्या मीटरवरचं आणि रस्ते तेव्हाचे, म्हणून त्याच दशकाचा नकाशा शेजारी ठेवून वाचा. पुढे मोडलेल्या शिळा या टिपणांत अखंड भेटतात, हा त्यांचा मोठा फायदा.

नकाशे

अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाचे 1:24,000 चे नकाशे टोपोव्ह्यू या त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, सगळ्या आवृत्त्यांचे. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 240 मीटर. दफनभूमी तुटक रेषेच्या चौकटीने किंवा लहानशा क्रुसाने दाखवतात. एका आवृत्तीत असलेली खूण पुढच्या आवृत्तीत गळते, तेव्हा ताजा नकाशा बघून 'नाही' म्हणणं घाईचं होईल. त्यावर काउंटीचा जमीन-तुकड्यांचा ऑनलाइन नकाशा ठेवला की आजच्या मालकाचं नाव आणि टपाली पत्ता कळतो.

लायडारचा (विमानातून लेझरने जमिनीचे चढउतार मोजून केलेला) उठावनकाशा उपयोगी आहे, पण त्याच्याकडून फार मागू नका. एक मीटरच्या जाळीत एकेक थडगं क्वचितच उमटतं. दिसतात ती मोडलेली कुंपणं, सपाट केलेला चौकोन आणि घराकडून तिथे जाणारी खचलेली गाडीवाट. ती वाट सापडणं हेच अर्धं काम.

परवानगी

व्हर्जिनिया संहितेचं कलम 57-27.1 असं आहे : खासगी जमिनीतल्या दफनभूमीत जाऊ देणं मालकावर बंधनकारक आहे, पण ते तिथे पुरलेल्यांच्या नातलगांना आणि वंशजांना, तिथल्या जागेच्या धारकांना आणि वंशावळीचं संशोधन करणाऱ्यांना. तेही वाजवी पूर्वसूचना दिल्यावर. किती वेळा, कोणत्या तासांत आणि किती वेळ, हे मालक ठरवू शकतो. अडवणूक झाली तर सर्किट कोर्टात अर्ज करता येतो. नुसता इतिहासाचा शौक असलेल्याचं नाव या यादीत नाही. म्हणून तुम्ही वंशज नसाल तर कलमाचा आकडा पत्रात फेकू नका. मालकाचं मन तिथेच उडतं.

पत्र एका पानाचं ठेवा. तुम्ही कोण, कुणाचं थडगं, ते या तुकड्यात आहे असं कशावरून वाटतं (नकाशाची प्रत जोडा), कितीजण येणार, किती वेळ लागणार, गाडी कुठे लावणार, काहीही खणणार-हलवणार नाही आणि फोटोंच्या प्रती पाठवणार. एवढं पुरे. तीन आठवडे थांबून मग फोन करा. मालक लाकूड कंपनी असेल तर रान शिकारी क्लबला भाड्याने दिलेलं असतंच असं धरा आणि क्लबलाही कळवायला सांगा. फाटकावरची पाटी नसली तरी झाडांच्या बुंध्यांवर रंगाचे उभे पट्टे दिसले तर तीही मनाई आहे.

रेड हिलला हे काहीच लागत नाही. तिकीट काढा आणि आत जा. सवय करायची तर पहिली भेट तिथेच द्यावी. दगड, मांडणी, झाडी सगळं नीट राखलेलं आहे, आणि नंतर रानात मोडक्या अवस्थेत जे भेटणार त्याचं मूळ रूप डोळ्यांत बसतं.

जमिनीवर काय पाहायचं

जायचं ते डिसेंबर ते मार्च. पानं गळलेली असतात, साप बाहेर नसतात, गोचिड्या कमी असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत बंदुकीने हरणांची शिकार चालते, तेव्हा भडक नारिंगी जाकीट घातल्याशिवाय झाडीत शिरू नका. कपड्यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवा. पॉइझन आयव्ही हिवाळ्यातही सोडत नाही. झाडावर चढलेला केसाळ, दोरखंडासारखा वेल दिसला की हात लावू नका.

दुरून पहिल्यांदा दिसते ती झाडी. उघड्या शेतात मध्येच पाच-सहा जुने रेड सीडर आणि त्यांच्याखाली बारमाही हिरवी, जमिनीलगत पसरलेली व्हिंका. आपल्या सदाफुलीच्या कुळातली ही वेल तिथे आपोआप उगवलेली नाही, कुणीतरी लावलेली आहे. युका आणि डॅफोडिल याही तशाच खुणा. मात्र हीच झाडं पडक्या घराभोवतीही असतात. चुलाण्याच्या विटांचा ढीग दिसला तर ते घर. दफनभूमी तिथून थोडी वर, उंचवट्यावर शोधा.

मग खाली वाका. थडगी पूर्व-पश्चिम असतात, डोकं पश्चिमेला. खचलेल्या जमिनीचा पट्टा सहा फूट लांब आणि दोन-अडीच फूट रुंद, अशा रांगा दिसतात. डोक्याशी मोठी शिळा आणि पायाशी लहान, आद्याक्षरं कोरलेली. ही पायाची शिळा फसवते : गवत कापताना उपटून कुठेतरी टेकवलेली असते आणि लोक तिला लहान मुलाचं थडगं समजतात. आद्याक्षरं जवळच्या मोठ्या शिळेशी जुळतात का बघा. टेबलासारखी किंवा पेटीसारखी बांधलेली थडगी आतून पोकळ असतात, देह खाली जमिनीत असतो. फटीतून डोकावणं, हात घालणं नको. वरचा दगड शेकडो किलोंचा असतो.

शिळा नाही म्हणजे थडगं नाही असं मुळीच नाही. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन 1836 मध्ये गेले आणि ऑरेंज काउंटीत माँटपेलिअरच्या घरगुती दफनभूमीत त्यांच्यावर 1857 पर्यंत काहीच खूण नव्हती. उलट, चकचकीत ग्रॅनाइटची शिळा दिसली तर ती वंशजांनी किंवा एखाद्या संस्थेने बऱ्याच उशिरा बसवलेली, आणि तिच्यावरचा मजकूर त्यांना जेवढा ठाऊक होता तेवढाच.

आणखी एक, आणि हे याद्यांमध्ये हमखास गळतं. या मळ्यांवर राबवलेल्या गुलामांची थडगी मालकांच्या कुंपणाबाहेर, अनेकदा दुसऱ्याच उतारावर असतात. लेख नाही, फक्त उभे रोवलेले खडबडीत दगड. रेड हिलवर अशी दफनभूमी आहे. रँडॉल्फच्या मृत्युपत्राने मुक्त झालेले 383 जण 1846 मध्ये ओहायोला गेले, त्यांचे आधी गेलेले आप्त मात्र शार्लटच्या मातीतच राहिले. शेतातला असा दगड 'वाटेत आला' म्हणून हलवू नका, त्यावर पायही ठेवू नका. मानवी अवशेष उकरायला राज्याच्या ऐतिहासिक वारसा विभागाचा परवाना लागतो आणि बेकायदा उकरणं हा गंभीर गुन्हा आहे. लोखंडी सळई खुपसून बघणंही तज्ज्ञांवर सोडा.

शिळा वाचणं

अक्षरं दिसत नाहीत म्हणून दगड घासायचा नाही, उजेड हलवायचा. साधारण चार फूट लांब, एक फूट रुंद आरसा घ्या (दाराला लावायचा स्वस्त आरसा चालतो) आणि ऊन शिळेवर बाजूने, अगदी तिरकं पाडा. पुसट खाचांत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. पूर्वेकडे तोंड असलेल्या शिळेला दुपारी बाराच्या जरा आधी, पश्चिमेकडच्या शिळेला जरा नंतर असा तिरका उजेड आपोआप मिळतो. ढगाळ दिवस असेल तर चादरीचा आडोसा करून एका कडेने टॉर्च धरा. खडू, पीठ, शेव्हिंग क्रीम यांतलं काहीही फासू नका. क्रीममधलं आम्ल संगमरवराच्या छिद्रांत बसून राहतं.

1 आणि 7, 3 आणि 8 यांची गफलत सर्वांत जास्त होते. वय दिलेलं असेल तर गणित करून ताळा बघा : हेन्रीचा जन्म 29 मे 1736 आणि मृत्यू 6 जून 1799, म्हणजे 63 वर्षं 8 दिवस. ताळा बसला नाही तर एखादा आकडा चुकलाय, किंवा जुनी कालगणना आड आली आहे. सप्टेंबर 1752 पर्यंत तिथे ज्युलियन पंचांग चालू होतं आणि 1751 पर्यंत वर्ष 25 मार्चला बदलायचं. वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या नोंदीत 11 फेब्रुवारी 1731 आणि आजच्या हिशेबात 22 फेब्रुवारी 1732, तो याचमुळे. शिळेवर आहे तसंच उतरवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात. बायकांच्या शिळेवर 'कन्सॉर्ट' असेल तर ती नवऱ्याआधी गेली, 'रेलिक्ट' असेल तर नंतर. नवऱ्याची शिळा हरवली असेल तेव्हा एवढ्यावरून त्याच्या मृत्यूची एक बाजू पक्की होते.

साफसफाई

ही फक्त मालकाच्या आणि शक्य असेल तर वंशजांच्या संमतीने. तीन फुटी उभ्या संगमरवरी शिळेला आठ-दहा लिटर साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश आणि लाकडी पट्टी पुरते. आधी बोटाने हलकं टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला किंवा पृष्ठभाग साखरेसारखा सुटत असला तर तिथेच थांबा. नाहीतर दगड पूर्ण भिजवा, खालून वर घासत जा, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडणार नाहीत, आणि सतत धुवत राहा. शेवाळ-दगडफूल हटत नसेल तर डी/2 हे द्रावण फवारा, दहा-पंधरा मिनिटं वाळू न देता ठेवा, घासून धुवा. उरलेले काळे डाग पुढच्या काही आठवड्यांत आपोआप फिके होतात, लगेच दुसरा हात मारू नका. ब्लीच, तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर वर्ज्य : ब्लीचमधले क्षार दगडात शिरतात आणि आतून फुगून पापुद्रे काढतात. तापमान 4 अंश सेल्सिअसखाली असेल किंवा रात्री दहिवर पडणार असेल तर पाणीच लावू नका. म्हणजे शोधायला हिवाळा आणि धुवायला एप्रिल, अशा दोन वेगळ्या फेऱ्या धरा.

नोंद

प्रत्येक शिळेचे चार फोटो : दुरून परिसरासह, समोरून, पाठीमागून आणि लेखाचा जवळून. उंची, रुंदी, जाडी इंचांत, दगड कोणता, तोंड कुठल्या दिशेला. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच आकडे लिहा. तो पाचवा आकडा जमिनीवर साधारण एक मीटर दाखवतो, पण दाट सीडरखाली फोन तेवढा अचूक नसतो, म्हणून कुंपणाच्या उघड्या कोपऱ्यावर उभं राहून नोंद घ्या आणि तिथून टेपने मोजा. रांगांचा साधा आराखडा कागदावर काढा, बिनलेखाच्या दगडांसह.

नोंदीत 'इथे पुरले आहेत' हे वाक्य तीन प्रकारांत विभागून लिहा : शिळा उभी आहे आणि कागद जुळतो, कागद आहे पण शिळा नाही, नुसती परंपरा सांगते. एक प्रत वारसा विभागाच्या दफनभूमी-नमुन्यावर, एक काउंटीच्या इतिहास मंडळाला, एक मालकाला. रेड हिल किंवा मलबेरी हिलसारखी खुली जागा असेल तर नेमकं स्थान ऑनलाइन टाकायला हरकत नाही. खासगी शेतातलं असेल तर मालकाने हो म्हटल्याशिवाय फक्त काउंटी आणि मळ्याचं नाव द्या, आणि फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची माहिती काढून टाका.